बारीक तारेचे गळ

नवीन,

मी सातच्या गाडीने वरणगावला चाललेय. तुझा डबा ओट्यावर आहे.

काल धरणावर माशांना भुलवायला तू गळावर बांधलेली पिसांची माशी तरंगायच्या ऐवजी टाकताच बुडाली. त्यात तुझा हात चुकला नव्हता. तुझ्या डबीतले बारीक तारेचे गळ काढून मीच जाड तारेचे, वजनाने जड ठेवले होते. तू नवशिका, तुला फरक कळणार नाही हे मला ठाऊक होतं. बारीक गळ शिलाई मशीनच्या खणात आहेत.

दहा वर्षं मी नानांबरोबर मासे धरतेय. तू एक माशी बांधलीस, तर ते गल्लीभर सांगत सुटले, "मना पोऱ्याना हात भारी शे!"

नानांना खुशाल सांग. मात्र ताईने ते गळ डोळे मिटून, नुसत्या बोटांनी निवडले, हेही सांग.

कामिनीताई