एका नाटकाचे तीन राजे

चिंचवड, ९ फेब्रुवारी १९७४

ति. आक्कास धाकट्या गेनूचा दंडवत.

मी इथं धडधाकट आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. माझ्या काळजीनं दाजींची झोपमोड करू नकोस.

आमच्या कंपनीत सावळारामची दोन बोटं प्रेसखाली गेली. त्याच्या घराला हातभार म्हणून आम्ही तिकीट लावून नाटक करतोय. पैसा कुणाकडंच नाही, तेव्हा सगळं फुकट मागून आणायचं ठरलं. मिळतंयही, पण देणाऱ्या प्रत्येकाला नाटकात काम हवंय!

मांडववाल्याला राजा व्हायचंय. लाउडस्पीकरवाले इकबालभाई म्हणाले, "मी राजा नाही, तर आवाज नाही." कंदीलवालाही अडून बसला. शेवटी तीन राजे केले. एक मेला की दुसरा गादीवर बसतो, पण मरायला कुणीच तयार नाही. चहावाला राणी झालाय; मिशी काढणार नाही म्हणतो. उरलेले कामगार प्रजा.

काल तालमीत सगळे स्टेजवर चढले, तेव्हा ध्यानात आलं की बघायला कुणी उरलंच नाही.

दाजींना घेऊन येशील का? येताना तुझी हिरवी साडी आण, राणीला लागेल. तुझ्या चिंगीचा खोकला गेला का?

सावळारामच्या प्रेसवर आता मला घातलंय. देवाचं नाव घेऊनच मशीन सुरू करतो. बाकी सगळं ठीक.

तिकीट आतापर्यंत एकच खपलंय. ते सावळारामनंच घेतलं. म्हणाला, "समोर कुणीतरी नको का? टाळ्या काही जमायच्या नाहीत, पण शिट्टी मारीन."

तुझाच,
गेनू