राहिलेली डावी बाजू

दादा,

आणि वर मलाच विचारतोस, एवढा का चिडलास म्हणून! ताईने सगळं सांगितलंय मला. आईच्या थायरॉईडची सोनोग्राफी चालू होती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून डावी बाजू राहिलीय." तू म्हणालास, "गाठ उजवीकडे दिसतेय ना? मला दुकान उघडायचंय." आणि तिला अर्ध्यातच उठवलंस.

ती मोठी गाठ पाण्याने भरलेली, साधीच निघाली. तू मिशीला पीळ देत फिरलास. आता ताईने पुन्हा नेलं, तर डावीकडे वाटाण्याएवढी दुसरी. पडद्यावर काळपट, उभट, कडा वेड्यावाकड्या, आत पांढरे ठिपके. बाई म्हणाल्या, अशा गाठीचीच भीती जास्त. सुई घालून तपासलं, कॅन्सर निघाला.

हे पत्र टाकणार नाही. घरी आलेलं पत्र तूच आईला वाचून दाखवतोस, आणि तिला अजून कॅन्सरचं काही माहीत नाही.

पण तुला सोडणार नाही. ऑपरेशनच्या दिवशी सगळे नातेवाईक बाहेर बसले की ताई मोठ्याने सांगेल, डावी बाजू का राहिली ते. मीच बजावलंय तिला. तेव्हा बघ कुठे तोंड लपवतोस.

ऑपरेशनचे पैसेही ताईच्याच नावावर टाकतोय, तुझ्या हाताला दमडी लागणार नाही.

तुझा, फक्त आईमुळे भाऊ असलेला,
धाकटा

अठ्ठेचाळीस हजार. होते तेवढे सगळे.