दाराबाहेरचा मामा

तीर्थरूप ताईस शिरसाष्टांग नमस्कार (गुडघे दुखतात, म्हणून मनातल्या मनातच),

ताजी खबर अशी, की तुझे चिरंजीव आज वसतिगृहाच्या खानावळीत स्वतःच्या पायांनी उतरून जेवले. आचाऱ्याने दुजोरा दिला आहे. तो म्हणाला, आजवर याचा डबाच ओळखीचा होता, मालक आज दिसला. तुझी कंबर आणि भाऊजींचा स्वभाव आता कसा आहे, तेही कळव.

पोरगा फोन उचलत नाही, पण मित्रांबरोबरचा फोटो टाकलाय, म्हणजे मजेत असणार, तरी एकदा बघून ये, हा तुझा हुकूम. गेलो. दार आतून बंद. ठोठावून बोटं सुजली. शेजारच्या खोलीतल्या मुलाने दार बोटभर उघडून, मेसेज टाका, तो बघेल, असा सल्ला दिला आणि लावून घेतलं. टाकला. आत फोन वाजलेला मला बाहेर ऐकू आला (दारं इतकी पातळ), आणि उत्तरादाखल जोडलेले हात आले. नुसते हात, माणूस नाही. मग वैतागून त्याच्या फोटोखाली चारचौघांत लिहिलं, की मामा दाराबाहेर उभा आहे, दार उघड. ताई, त्या मजल्यावरच्या बंद दारांमागून माझ्या ओळीवर लाल बदामांचा पाऊस पडला. दार एकही उघडलं नाही. आणि पहिला बदाम कोणाचा? तुझा.

शेवटी तिथल्या धुळीने मला शिंक आली. आपल्या वडिलांची, भिंती हादरवणारी. ती काही फोनवरून पाठवता येत नाही. दार उघडलं.

"मामा, तू खरंच आलायस? मला वाटलं, नेहमीसारखी गंमत करतोयस."

आवाज महिनोन्‌महिने बंद असलेल्या नळासारखा. आधी घरघर, मग शब्द.

जेवताना विचारलं, फोटोतली ती हसरी टोळी कोण?

"माहीत नाही रे. फोटो काढून दे म्हणाले. मग म्हणाले, एकात तूही ये."

मी भात तेवढा वाढून घेतला.

तुझा वैतागलेला धाकटा

ता. क. हे टपालाने धाडतोय, कारण फोनवर लिहिलं असतं तर यालाही बदाम देऊन तू मोकळी झाली असतीस.

ता. क. आणखी एक. आई का नाही आली, असं त्याने विचारलं. मी कंबरेवर ढकललं आणि पुढच्या रविवारी येतेय, असं सांगून बसलो. तेव्हा कंबर तोवर बरी कर. तो फाटकाशी उभा राहणार आहे, आणि आचारी एक ताट जास्त मांडणार आहे.