कारणाचा रकाना

१४ मार्च
सौर केंद्रावर पाटी लागली. 'उर्जा' लिहिले आहे. ऊ दीर्घ हवा. कोणाला सांगू? पाटीखाली चुलतभाऊ प्रशांत, निळा शर्ट, ऑपरेटर म्हणून. गिरणीचे माझे डिझेल इंजिन आजपासून बंद. केंद्राचे साहेब म्हणाले, "आता गाव कार्बन न्यूट्रल होणार." म्हणजे धूर नाही. धूर म्हणजे मी.

१५ मार्च
खरे ते लिहून ठेवतो. ऑपरेटरचा अर्ज मीही भरला होता. 'प्रशिक्षण'मध्ये श आणि ष यांची अदलाबदल झाली. खाडाखोड नको म्हणून कोऱ्या अर्जावर सगळे पुन्हा लिहीत बसलो. तालुक्याला, पोंभुर्ण्याला पोचलो तर अर्जाची खिडकी बंद. प्र.चा अर्ज चुकांनी भरलेला, पण वेळेवर. दहावीत दोघेही नापास. मी गणितात, तो मराठीत.

१९ मार्च
प्र. घरी आला. "भाऊ, वही तूच लिहून देत जा ना. माहं अक्षर साहेबाले वाचता येत नाई." रोजची वही: तारीख, किती युनिट वीज, कमी झाली तर कारण. त्या वहीवरून साहेब त्याला कायम करणार. तो आजोळी वरोऱ्याकडे वाढला, ळ बोलत नाही, लिहीतही नाही. ढगाळचे 'ढगाय'.
नाही म्हणायचे होते. हो म्हणालो. निदान त्याचे आकडे रोज दिसतील.

२६ मार्च
साहेब वही पाहून प्र.ला, "काय सुंदर अक्षर आहे हो तुमचं!" तो नुसता हसला. मी बाजूलाच उभा.
घरी आई: "प्रशांतले पाह्य, उन्हात कसा काचा पुसून राह्यला. तू बस शब्दकोश घेऊन." जेवलो नाही.

२ एप्रिल
तीन दिवस युनिट निम्मे. आभाळात एक ढग नाही. प्र. म्हणतो, "ढगाय लिही." दुपारी मुद्दाम गेलो. सौर पाट्यांवर मोहफुले वाळत घातलेली! वास कुंपणापर्यंत. सापडला. साहेब परवा येणार. रकान्यात काय लिहायचे ते वाटभर घोकले, ऱ्हस्व-दीर्घासह.
घरी आलो तर आई रिकामी टोपली झटकत होती. "काच मस्त तापते रे. अंगणात माकडं खाते. प्रशांतच म्हणे, काकू, घाला इथी."

३ एप्रिल
ढगाळ लिहिले तर प्र. कायम. मोह लिहिले तर आईचे नाव गावभर.
रकाना कोरा ठेवून वही परत दिली.
"लिहिलं काऊन नाई?"
"ढग दिसले नाहीत."
वही बगलेत मारून तो म्हणाला, "म्हणजे तुले माहीत हाय."

४ एप्रिल, सकाळी साडेनऊ
केंद्रावरच बसून लिहितो. साहेबांची गाडी दहाला. प्र. सौर पाट्या धुतो आहे. वही समोर उघडी. रकान्यात त्याचेच अक्षर:
'मी मोह वायू घातला. चुक माही.'
वाळूचा वायू. चूक ऱ्हस्व. आईचा उल्लेख कुठेच नाही. मी शंभर कोरे अर्ज घेऊन बसलो असतो तरी हे वाक्य मला सुचले नसते. त्याचाही राग आला.
तिकडून ओरडला, "भाऊ, काही चुकलं असन त दुरुस्त कर!"
पेनाचे टोपण काढले आहे.