तेइशोच्या घरचा

प्रिय देलमीरो,

सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. कोबीचं सूप उतू गेलं, चेस्टनट सोलायला घेतले ते तसेच राहिले. दाराशी आपला तेइशो, तो जुना यू वृक्ष, लाल फळांनी लगडलाय आणि त्याच्या मुळांशी त्या दुसऱ्या तेइशोनं, पट्टेरी तोंडाच्या बॅजरनं, नवं बीळ उकरलंय. शेजारची शेनेरोसा कुंपणावरून ओरडली, "अगं, तुमच्या घराचं नाव झाडावरून पडलं की या बिळातल्या घाणेरड्यावरून, ते एकदाचं ठरवा!" एरवी मी तिला सोडलं नसतं. आज आत आले आणि हे पत्र लिहायला बसले.

बाबांच्या मते झाड आधीचं. प्राणी त्याच्या मुळांशी राहायला आला म्हणून त्यालाही तेच नाव. शाळेतले मास्तर मात्र सांगायचे, शब्द मुळात दोन. झाडाचा लॅटिनमधला, प्राण्याचा बहुधा उत्तरेकडच्या टोळ्यांकडून आलेला. आपल्या गलिशियन माणसांच्या तोंडी झिजत झिजत दोन्ही एक झाले. तुझी आई गेली आणि बाबांनी तुला आपल्या घरी आणलं, त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. तू विचारलंस, "मग खरा तेइशो कोणता?" बाबा म्हणाले, "हाक मारल्यावर ओ देईल तो." तू लगेच "ओ!" म्हणालास आणि बाबा खोकला येईपर्यंत हसले.

त्याच बाबांच्या अंत्यविधीला तू जिनिव्हाहून आलास आणि चर्चच्या दाराशी, घरचे उभे राहतात त्या रांगेत न येता मागे शेजाऱ्यांत उभा राहिलास. सांत्वनाला आलेल्या सगळ्या गावाचे हात मी एकटीनं हातात घेतले. फार राग आला होता मला. अजून आहे. आणि वर आता तुझं पत्र, की मी काही रक्ताचा नाही, माझा वाटा सोडतो, घर तुझंच. अरे, गुत्त्यात अजून विचारतात, "तेइशोचा पोरगा कधी येतोय?" तू कुठून आलास, हे कुणाच्या लक्षातही नाही.

वकिलाला सांगितलंय, वाटा सोडण्याच्या त्या कागदावर मी सही करणार नाही. सर्व संतांच्या दिवशी प्रत्येक घरचे आपापल्या कबरीशी उभे राहतील आणि पाद्री प्रार्थना म्हणत फिरतील. शेवंती मी आणीन. तू ये. या वेळीही मागे उभा राहिलास, तर सगळ्या गावादेखत मी तुला घराच्या नावानं हाक मारीन. ओ दे.

तुझीच बहीण,
तेइशोची एर्मीतास