चासी नंबरची रिकामी जागा

लिहून ठेवणार: महादेव हिराजी घरत, वय वर्षे बहात्तर, पूर्वी रेवस ते भाऊचा धक्का या लाँचवर इंजिन ड्रायव्हर, हल्ली घरी जुन्या स्कूटर दुरुस्त करून उभ्या करण्याचा छंद, राहणार रेवस, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणू शकेल अशी व्यक्ती घरात एकच, माझी पत्नी मैना, आणि ती आत्ता अंगणात वाल सोलत बसली आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. नेत्रा यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्या हृदयाची एक झडप गळते. लाँचच्या इंजिनाची असती तर मी ती दुपारच्या जेवणाआधी बदलली असती. ती बदलण्यासाठी पुढच्या महिन्यात मला मुंबईला जायचे आहे, म्हणून मागची व्यवस्था लावून ठेवतो.

कलम १. रेवस येथील राहते घर, विहीर आणि मागची पडवी मैना हिच्या एकटीच्या मालकीची व्हावी. पडवीत गेली तीस वर्षे माझ्या गाड्या उभ्या आहेत आणि तीस वर्षे मैना ती पडवी परत मागते आहे. आता तिने तिथे सुकट वाळवावी नाहीतर झोपाळा टांगावा. पेट्रोलचा वास मात्र लवकर जाणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे काही निघेल ते मैनाचे. याच कलमात एक जुनी गोष्ट सांगून टाकतो. माझा धाकटा भाऊ चांगदेव याची पत्नी सोनाबाई हिने चहाचे पितळी पातेले नेले, असा मैनाचा आजवर समज आहे. ते पातेले मी नेले होते. त्यात कार्बोरेटर रॉकेलमध्ये भिजत घातला होता आणि नंतर ते तोंड दाखवण्याच्या लायकीचे राहिले नाही. ते पडवीच्या माळ्यावर, टायरांच्या मागे आहे.

कलम ३. माझी सर्व हत्यारे मुलगी प्राप्ती हिला द्यावीत. जावई अल्पेश यांना देऊ नयेत. अल्पेश हे गृहस्थ सज्जन आहेत, माझ्या मुलीला सुखात ठेवतात, पण त्यांनी माझ्या चांगल्या पेचकसाने शहाळे फोडले आहे आणि ते मी विसरू शकत नाही.

कलम ४. बजाज चेतक, सन १९८६, हीसुद्धा प्राप्तीची. ही गाडी मला पेझारीला एका गोठ्यात मिळाली तेव्हा तिच्या सीटखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्ले बाहेर पडेपर्यंत मी एकवीस दिवस थांबलो आणि मग टेम्पो नेला. चालू होत नसेल तर स्वतःकडे तिरकी करावी, पाच मोजावे, सरळ करून किक मारावी. लग्नाच्या फोटोसाठी ती कोणालाही भाड्याने देऊ नये आणि तिला गुलाबी रंग देऊ नये. ही सूचना अल्पेश यांच्यासाठी आहे.

कलम ५. विजय सुपर ही दुसरी जुनी स्कूटर विकावी. मुंबईहून जुन्या गाड्यांची हौशी मंडळी लाँचने येतात, त्यांच्यापैकी जो आधी फोटो काढेल त्याला देऊ नये. जो आधी गुडघे टेकून खाली वाकून पाहील, त्याला द्यावी.

कलम ६. गाड्या ज्यांच्याकडे जातील त्यांनी लक्षात ठेवावे की इथल्या वाऱ्यात मीठ आहे. आमचे आप्पा, म्हणजे वडील हिराजी घरत, मिठागरावर मुकादम होते आणि स्कूटर बांधावरून चालवत. घरी आल्यावर जेवायच्या आधी गाडीला विहिरीचे दोन घागरी पाणी घालायला लावत. आम्हा भावांची पाळी लागलेली असे. उधाणाच्या दिवसांत पत्र्याला तेलाचा बोळा रोज फिरवावा. एक दिवस चुकला तर गंज आत शिरतो आणि मग बाहेरून कितीही रंग लावा, तो आत आपले काम करत राहतो.

कलम ७. हे कलम लिहायला मला नऊ दिवस लागले.

आमच्या वकील मृणालीताई यांनी सांगितले की प्रत्येक गाडीचा चासी नंबर, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला नंबर, परिशिष्टात लिहा. चेतकचा लिहिला, विजय सुपरचा लिहिला. आप्पांची ती स्कूटर म्हणजे लॅम्ब्रेटा; तिच्यापुढची जागा रिकामी राहिली. त्यांनी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "काका, गाडी तुमच्या पडवीत आहे ना? वाकून बघा आणि लिहा, दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटले, बघतो. बघण्यासारखे तिथे काही नाही हे मला एकट्याला माहीत होते.

सन २००४ मध्ये आप्पा गेले आणि आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. मी इंजिनातला माणूस म्हणून लॅम्ब्रेटा माझ्याकडे आली. चांगदेव कागदपत्रांतला, तेव्हा त्याने ट्रकचा धंदा नुकताच वाढवला होता, म्हणून आप्पांची पत्र्याची ट्रंक त्याच्याकडे गेली. गाडीचे आरसी बुक त्या ट्रंकेत होते. त्याने ते शोधून देईपर्यंत मला दम निघाला नाही. मी गाडी खोलली. आप्पा गेल्याचे दुःख मला रडून काढता येत नव्हते, ते मी गंज घासून काढत होतो. नवा ग्राइंडर आणला होता. उजव्या बाजूच्या कव्हराआड, सांगाड्यावर, मिठाने पत्रा फुगला होता. मी तो चकचकीत होईपर्यंत घासला. फडक्याने पुसला तेव्हा कळले की चासी नंबर गेला. एकही आकडा राहिला नव्हता. इंजिनावरही नंबर असतो, पण ते आप्पांनीच कधीकाळी बदललेले होते, त्यामुळे ही गाडी कोणती, हे सांगणारी तेवढी एकच खूण होती.

हे काम शिकाऊ माणूसही करत नाही. कोणतीही जुनी गाडी खोलताना आधी नंबरावर चिकटपट्टी लावतात, मग हत्यार हातात घेतात. मी हे दहा जणांना शिकवले आहे.

चौथ्या दिवशी सोनाबाई आरसी बुक घेऊन आली. बुकात घडी करून एक कागदाचा कपटा होता. विम्यासाठी आप्पांनी पूर्वी नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासून घेतलेली छाप. तो कपटा घेऊन मी सरकारी कचेरीत गेलो असतो आणि चूक झाली असे म्हटले असते, तर अर्ज-विनंत्या करून तोच नंबर पुन्हा ठोकून मिळाला असता. फक्त तोंडाने कबूल करायला हवे होते. मी कपटा काढून घेतला. बुक घेऊन धक्क्यावरच्या चहाच्या हॉटेलात गेलो. तिथे चांगदेव चार माणसांत बसला होता. सगळ्यांसमोर ते त्याच्यापुढे टाकले आणि म्हणालो, "ह्या बुक आपल्या गाडीचा न्हाय. नंबर जुलत न्हाय. खोटा कागद कोनाला देतंस?"

कोणी गाडी पाहायला आले नाही. महादू घरत गाडीबद्दल बोलला म्हणजे ते खरेच असणार, अशी माझी ख्याती होती. चांगदेवने बुक उचलले, खिशात घातले आणि उठून गेला. एक शब्द बोलला नाही. त्याच्या गप्प राहण्याने लोकांची खात्रीच पटली. गाव त्याला 'दोन नंबर' म्हणू लागले. गावकीचा खजिनदार म्हणून त्याचे नाव पुढे आले होते, ते मागे पडले. त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळीही कोणीतरी हे नाव काढले, असे मी ऐकले. मी ऐकले आणि घरी येऊन जेवलो.

एकवीस वर्षे आम्ही बोललेलो नाही. लॅम्ब्रेटा मी पूर्ण केली. तिचा रंग, तिची रबरे, तिचा भोंगा, सगळे आप्पांच्या वेळचे आहे. दर रविवारी ती पहिल्या किकला चालू होते आणि फाटकाबाहेर एकदाही गेलेली नाही. पाहुणे विचारतात, "काका, रस्त्यावर का नाही काढत?" मी सांगतो, "कागद भावाने दाबले आहेत." हे खोटे मी किती वेळा सांगितले याची गणती नाही.

सबब, लॅम्ब्रेटा माझ्या पश्चात चांगदेव हिराजी घरत यास मिळावी. पेन्सिलीची छाप जुन्या स्पार्क प्लगच्या डबीत आहे, तीही त्यास द्यावी. मी त्याची माफी मागतो. समोर जाऊन मागायची हिंमत मला झाली नाही म्हणून इथे मागतो.

कलम ८. माझ्या बाराव्याला कलम ७ धक्क्यावरच्या हॉटेलात मोठ्याने वाचावे. प्राप्तीने वाचावे, तिचा आवाज खणखणीत आहे.

(यापुढील मजकूर सही करण्यापूर्वी, त्याच हाताने, दोन दिवसांनी लिहिला आहे.)

वरील कागद मी टेबलावर वजनाखाली ठेवून लाँचवर जुन्या मंडळींना भेटायला गेलो. परत आलो तेव्हा मैनाने तो वाचला होता. पातेले माळ्यावरून काढून तिने माझ्यासमोर ठेवले. मग ती पायात चपला घालून फाटकाबाहेर पडली आणि चांगदेवच्या घराकडे वळली. त्या वाटेने ती इतक्या वर्षांत गेली नव्हती.

अर्ध्या तासाने चांगदेव आला. केस पूर्ण पांढरे झालेले, हातात आरसी बुक. पडवीत उभा राहून त्याने गाडीकडे पाहिले, मग उजवे कव्हर काढून खाली वाकला आणि त्या गुळगुळीत जागेवर बोट फिरवले.

"म्हंजे आप्पा खरं होतं," तो म्हणाला.

मला कळले नाही. मग त्याने सांगितले, तसे इथे लिहितो. "तू गाडीतला मानूस. तू बोल्लास नंबर जुलत न्हाय, मना वाटला खरंच जुलत नसंल. आप्पानं गाडी जुनी घेतलेली, मना वाटला वरचा नंबर आप्पानीच ठोकला आसंल, घासल्याव तुना खालचा खरा गावला आसंल. मी बोल्लो असतो का मी खोटा न्हाय, तर आप्पा खोटं ठरलं असतं. म्हनून मी गप र्‍हायलो."

एकवीस वर्षे मी समजत होतो की तो रागाने गप्प आहे. तो आप्पांची अब्रू सांभाळत होता, आणि मनातल्या मनात त्यांनाच दोषी धरत होता. भावाचे नाव मी घालवले एवढेच मला माहीत होते. बापाचेही घालवले हे मला त्या दिवशी कळले. मी पडवीच्या पायरीवर बसलो आणि रडलो. त्याने मला उठवले नाही आणि तो निघूनही गेला नाही.

रडून झाल्यावर मी म्हटले, "गाडी तुझ्या नावं केलीय. मी मेल्याव तुलाच."

"मेल्याव कशाला?" चांगदेव ओरडला. त्याला राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता. "तू मरशील, मंग पोरगी वाचंल, मंग लोका मना सांगतील? आत्ता दे. नि तुज्या तोंडानं सांग."

नंबर नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून आम्ही ती ढकलत नेली. तो हँडलला, मी मागून. डॉक्टरांनी मला जड काम वर्ज्य केले आहे हे मैना मागून सांगत होती. धक्क्यावरच्या हॉटेलासमोर चांगदेव थांबला आणि गाडी स्टँडवर लावली. आत दहा-बारा माणसे होती, बरीचशी तरुण, त्यांना हे प्रकरण माहीतही नव्हते. मी उभा राहिलो आणि जे घडले ते सांगितले. माझा आवाज प्राप्तीसारखा खणखणीत नाही, दोनदा अडकला. तरुण मुले मोबाइल बाजूला ठेवून ऐकत राहिली. कोपऱ्यात दोन म्हातारे होते, ते त्या दिवशीही होते. त्यांतल्या एकाने बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "यवढा सांगाला एकवीस वर्सां लागली तुना, महादू?" मी म्हटले, व्हय.

तरी या लेखाने असे जाहीर करतो की:

कलम ७ मधील गाडी आता माझ्या मिळकतीत नाही. मी जिवंत असताना, दिवसाढवळ्या ती मालकाच्या घरी पोचली आहे. पेन्सिलीची छाप बुकात परत ठेवली आहे. नंबर पुन्हा ठोकून मिळावा म्हणून अर्ज करायचा आहे, त्यावर घासणारा म्हणून माझी सही असेल. सबब ते कलम रद्द.

कलम ८ रद्द. वाचायला काही उरलेले नाही.

परिशिष्टात लॅम्ब्रेटापुढची रिकामी जागा मी खोडणार होतो, पण चांगदेवने कागद ओढून घेतला आणि बुक न उघडता नंबर लिहिला: ११४७०६. कव्हर काढून पाणी घालायची पाळी त्याची असायची तेव्हा तो रोज वाकून वाचायचा, असे म्हणाला. मृणालीताई म्हणतात की गाडी यादीत नाही तर नंबर लिहायचे कारण नाही. तो तसाच राहू द्यावा.

त्यांनी असेही सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. चांगदेवला आता माझ्याकडून काहीही मिळायचे राहिलेले नाही.

सही: महादेव हिराजी घरत

आम्हा दोघांसमक्ष वरील इसमाने सही केली व त्याच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार १. डॉ. नेत्रा कमळाकर थळे. ओळख: उपचार करणाऱ्या डॉक्टर.

साक्षीदार २. चांगदेव हिराजी घरत. ओळख: सख्खा भाऊ.

ठिकाण: रेवस
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार