गिळल्यावर हात लावू नये

ओडेन्से, ४ मार्च

चि. थॉर्किल यास अ. आ.

मी कामावर असताना बाबांच्या किल्लीनं घर उघडून तू त्यांच्या सापिणीला, ओडाला नेलंस. बाबांना जाऊन महिना नाही झाला आणि तू चोऱ्या करायला लागलास. शेजारच्या केर्स्टिनबाईंनी पाहिलं, सापाच्या पेटीला माझीच शाल गुंडाळली होतीस. फ्रीजरमधले उंदीरही नेलेस, माझे वाटाणे तेवढे ठेवलेस.

निदान नीट खायला घाल. आठवड्याला एकच उंदीर, कोमट पाण्यात ठेवून आतपर्यंत गरम झालेला. तिला परत कधी आणतोस ते कळव.

तुझ्यावर लोभ आहे की नाही, ते ओडा घरी आल्यावर ठरवीन.

बिर्गित

आरहूस, १९ मार्च

ति. ताईस शि. सा. न.

चोर म्हणतेस, म्हण. तुझ्याकडे ती हाडकली होती. इथे सगळं तू लिहिलंस तसंच करतो, तरी दोन्ही वेळा तिनं अख्खा उंदीर ओकून टाकला. तुझे उंदीरच नासके. ती कोपऱ्यात निपचित पडून आहे. पशुवैद्य म्हणाले, आणखी एकदा ओकली तर वाचणार नाही.

खाऊन झालं की मी तिला गळ्यात घेऊन बसतो, एवढंच जास्तीचं. ते काही त्यांना सांगितलं नाही, हसले असते. बाबांनी मला तिला कधी हात लावू दिला नाही. सगळं तुला शिकवलं, तर आता काय चुकतंय तेही तूच सांग.

लोभ राहू दे, उत्तर लवकर धाड.

थॉर्किल

ओडेन्से, २१ मार्च

चि. थॉर्किल यास अ. आ.

उंदीर नासके नाहीत, तुझी अक्कल नासकी आहे. गिळल्या गिळल्या साप उचलला की तो ओकतो. आता दोन आठवडे काही देऊ नकोस. मग उंदराचं अगदी लहान पिल्लू दे, पेटीची एक बाजू गरम ठेव आणि तीन दिवस स्वतःचे हात खिशात ठेव. चौथ्या दिवशी हवी तेवढी गळ्यात घे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तिला आणायला निघालेच होते. शेवटपर्यंत वाचलं आणि कोट परत खुंटीला अडकवला. ती तुझ्याकडेच राहू दे.

आणि एक ऐकून ठेव. साप कुणाला ओळखत नाही. बाबांच्या हातालाही ती उबेसाठीच चिकटायची. तुझा हात काही थंड नाही.

लोभ आहे. पण तीन दिवस त्यालाही हात लावू नये.

बिर्गित